गुरुजींची वही

हे प्रकरण नवापूर तालुक्यातल्या एका ख्रिस्ती मंडळीतलं. गावाचं नाव देत नाही, माणसांचीही नाही. संबंधितांची परवानगी आहे, पण आमच्या भागात मंडळ्या लहान. दोन खुणा सांगितल्या की तिसरी लोक स्वतःच शोधून काढतात. ज्यांच्याविषयी लिहितोय त्यांना नुसतं गुरुजी म्हणतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, मंडळीत 'वडील' म्हणजे कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांपैकी एक, रविवारी मुलांचा वर्ग घेणारे. पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, त्यांच्यापेक्षा वयाने बरेच लहान, आणि त्यामुळे गुरुजींना काही विचारायचं म्हणजे त्यांना आधी धीर गोळा करावा लागायचा.

गुरुजींची तक्रार त्यांच्याच शब्दांत अशी होती: "माझी वाढ थांबली आहे." विश्वास डळमळलेला नव्हता. उपासना चुकत नव्हती, दशमांश, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग मंडळीला देणं, वेळेवर होता. तरी प्रभुभोजनाच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर आणि प्याला घेण्याच्या रविवारी वडील या नात्याने प्याला सगळ्यांपर्यंत पोहोचवून स्वतः मात्र ते न घेता बसायचे. पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं नाही. पुन्हा तसंच झालं तेव्हा बायकांच्या बाजूला कुजबुज सुरू झाली आणि पाळक एका संध्याकाळी त्यांच्या घरी गेले.

घराण्याचं थोडं सांगायला हवं, कारण प्रकरणाचं मूळ तिथं आहे. गुरुजी मावची समाजातले, तिसऱ्या पिढीचे ख्रिस्ती. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याची विभागणी झाल्यावर ज्याला पश्चिम खानदेश म्हणू लागले, त्या पट्ट्यात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचं काम सुरू झालं. गुरुजींच्या आजोबांनी विश्वास धरला तेव्हा दोन गोष्टी सुटल्या: मोहाची दारू आणि भगताकडे जाणं. आजोबांच्या लेखी ही सुटकाच होती. सावकाराचं देणं आटलं, घरातली मारहाण थांबली, आजारपणात कोंबडं-बोकड द्यायची वेळ येईना. मुलाच्या पिढीत तीच गोष्ट घराची ओळख झाली. नातवापर्यंत येईतो ती यादी झाली होती: हे करायचं नाही, तिथं जायचं नाही, याच्याशी बसायचं नाही. यादी वाईट नव्हती, अजूनही नाही. दारूने काय होतं ते आमच्याकडे कुणाला पुस्तकातून शिकावं लागत नाही. पण आजोबांना जे मिळालं होतं ते नातवाच्या हातात पाळायची वस्तू म्हणून आलं, आणि पाळण्यात गुरुजी हुशार होते.

वहीची सुरुवात संजीवन सभेत झाली. हिवाळ्याच्या शेवटी, शेतातली कामं उरकली की आमच्याकडे मांडव घालून तीन-चार दिवस सभा होतात. त्या वर्षीच्या वक्त्याने शेवटच्या रात्री लोकांना उभं करून नवा निश्चय करायला लावला. गुरुजी उभे राहिले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी दोनशेपानी वही आणली. पट्टीने रकाने आखले: पहाटेची प्रार्थना, वचन, उपवास, जीभ, राग, डोळे. रोज रात्री खूण. महिन्याच्या शेवटी श्रेणी. श्रेणी कुठून आली हे शिक्षकांना लगेच कळेल. २०१० पासून प्राथमिक शाळांत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं तेव्हापासून अ-१ ते इ-२ ही उतरंड मास्तरांच्या अंगवळणी पडली आहे. गुरुजींनी स्वतःला पहिल्या महिन्यात ब-१ दिली, दुसऱ्या महिन्यात अ-२. पाळकांनी वही पाहिली तेव्हा त्यांना त्यात सर्वांत चमत्कारिक काय वाटलं असेल, तर प्रत्येक महिन्याखालची वर्णनात्मक नोंद: 'वाचनात सातत्य. रागावर नियंत्रण अपेक्षित.' स्वतःविषयी, तृतीय पुरुषी, लाल शाईने.

जूनपासून श्रेणी घसरत गेली. रागाच्या रकान्यात फुल्या वाढल्या. मग एक विचित्र चक्र सुरू झालं. आठवडा चांगला गेला की गुरुजी घरच्यांवर करडे व्हायचे, कारण आपल्याला जमतं ते यांना का जमू नये. आठवडा वाईट गेला की स्वतःवर चिडायचे, आणि तो चिडका माणूस राहायचा त्याच घरात. त्यांच्या पत्नीने पाळकांना चहा देता देता जे सांगितलं ते मला सगळ्या चर्चेहून मोलाचं वाटतं: "यांचा उपवास असला ना, की पोरं घरात पाय वाजवत नाहीत." नंदुरबारला कॉलेजात शिकणारा मुलगा सुट्टीत घरी आला की कुटुंब प्रार्थनेच्या वेळी मोबाइल घेऊन ओट्यावर जाऊन बसायचा. त्यावर रोज वाद. वादाची फुली वहीत पडायची, मुलगा मात्र वहीत कुठेच नव्हता.

आणि भाऊही नव्हता. धाकटा भाऊ दरवर्षी ऊसतोडीला गुजरातेत जाणारा, परत आल्यावर पिणारा. बांधावरून आणि विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांत बोलणं बंद होतं. एवढ्या बारकाईने आखलेल्या वहीत त्याच्यासाठी रकाना नव्हता हे गुरुजींच्या ध्यानात आलं नव्हतं. माणूस स्वतःचा हिशेब स्वतः ठेवतो तेव्हा खाती कोणती उघडायची हेही तोच ठरवतो, आणि गुरुजींनी जी खाती उघडली होती ती सगळी त्यांच्या एकट्याच्या खोलीत बंद होणारी होती.

पाळकांनी पहिला उपाय सांगितला तो आपल्याकडे नेहमी सांगतात तोच: उपवास-प्रार्थना, आणखी तीव्रतेने. पाळक तरुण, समोर मंडळीतले वडील. दुसरं काय सुचणार? गुरुजींनी नेमाने केलं. घरात पोरांचे पाय आणखी हळू पडू लागले.

मग वारं फिरलं, तेही भलत्या दिशेने. एका घरसभेत बाहेरून आलेल्या बंधूंनी सांगितलं, "तुम्ही काही करूच नका. सगळं सोडून द्या, प्रभू करील." गुरुजींना हे पाण्यासारखं लागलं. वही ट्रंकेत गेली. पहाटेचा गजर बंद झाला. कितीतरी महिन्यांनी ते गाढ झोपले, असं त्यांच्या पत्नी सांगतात, आणि ती झोप खोटी नव्हती. पण हळूहळू वचन वाचणंही गेलं, कुटुंब प्रार्थना दोन ओळींवर आली. पाळकांनी भावाचा विषय काढला तेव्हा उत्तर मिळालं: "प्रभू माझ्यात काम करतोय. तो सांगेल तेव्हा जाईन." वर्षभर आधी हाच माणूस म्हणत होता, "आधी माझा राग ताब्यात येऊ दे, मग जाईन." दोन्ही वेळी भाऊ तिथेच, बांधापलीकडे.

हा दुसरा टप्पा पहिल्याहून बरा होता असं मानणारे आमच्यात आहेत. मला तसं वाटत नाही. आधी गुरुजी स्वतःची धडपड मोजत होते, नंतर स्वतःचा विसावा मोजू लागले. आपण किती सोडलं आहे, किती शांत आहोत, याकडे डोळा होताच. विश्वास ठेवणं हेही एक कर्तब होऊन बसतं, आणि ते नीट जमत नाही म्हणून रडणारी माणसं मी पाहिली आहेत.

हा वाद जुना आहे. इंग्लंडात केझिक इथे १८७५ पासून भरू लागलेल्या मेळाव्यांत पवित्र जीवनासाठी पूर्ण समर्पणाची आणि विश्वासाने विसावण्याची शिकवण रुजली. मिशनऱ्यांबरोबर तिचा सूर जगभर गेला. आमच्या संजीवन सभांत 'सोडून द्या' हे शब्द ऐकू येतात त्यांची नाळ बहुधा तिकडेच जाते. जवळपास त्याच काळात, १८७७ मध्ये, इंग्लंडातलेच एक पाळक जे. सी. राईल यांनी याला विरोध केला. देवापुढे नीतिमान ठरण्यात आपली कृत्यं येत नाहीत हे त्यांना पूर्ण मान्य होतं. पण पवित्रीकरणाविषयी, म्हणजे त्यानंतर जीवन पवित्र होत जाण्याविषयी बोलताना पवित्र शास्त्र लढा, धावा, जागे राहा असं सांगतं, ते पुसून टाकता येणार नाही, हा त्यांचा मुद्दा. माझा कल राईल यांच्याकडे आहे. तरी केझिकवाल्यांना ज्या दुखण्यावर औषध हवं होतं ते दुखणं खरं होतं, हेही गुरुजींची वही पाहिल्यावर कबूल करावं लागतं.

प्रेषित पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात जवळजवळ रागावून विचारलं आहे: आत्म्याने सुरुवात करून आता देहस्वभावाने पूर्णतेला जाणार का? हा प्रश्न न तारलेल्या लोकांना नाही, मंडळीतल्या लोकांना आहे. कृपेने आत यायचं आणि पुढचा रस्ता स्वतःच्या बळावर कापायचा, ही समजूत त्यांची होती आणि आमच्या बहुतेक विश्वासणाऱ्यांची आहे. त्याच पौलाने फिलिप्पैकरांना लिहिताना एका दमात दोन गोष्टी सांगितल्या: भीत व कापत आपलं तारण साधून घ्या, कारण तुमच्यात इच्छा आणि कृती दोन्ही निर्माण करणारा देव आहे. दोन वाक्यांमध्ये 'पण' नाही, 'कारण' आहे. देव करतो म्हणून तुम्ही बसा, असं तो म्हणत नाही. देव करतो म्हणून तुमच्या करण्याला अर्थ आहे. आणि आसपासच्या ओळी पाहिल्या तर तिथं पहाटेच्या प्रार्थनेचा तास नाही. एकमेकांना श्रेष्ठ माना, दुसऱ्याचं हित पाहा, कुरकुर आणि वादविवाद न करता सगळं करा, असं आहे. म्हणजे गुरुजींच्या बाबतीत बांधापलीकडचा भाऊ.

महाराष्ट्रात या बाबतीत पंडिता रमाबाईंइतकं प्रामाणिकपणे फार थोड्यांनी लिहिलं असेल. व्रतं, तीर्थयात्रा, पारायणं यांत सगळं कुटुंब झिजलेलं त्यांनी लहानपणी पाहिलं होतं. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे १९०७ मध्ये साक्ष, म्हणजे आपल्या विश्वासाची कहाणी लिहिताना त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षांनी त्यांना उमगलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मात्र मिळाला नव्हता. हे उमगल्यावर त्या हात बांधून बसल्या नाहीत, हे केडगावला त्यांनी उभारलेल्या मुक्ती मिशनला जाऊन आलेल्या कुणालाही सांगायला नको.

पाळकांनी एक गोष्ट वेळीच केली, तिची नोंद इथं हवी. झोप, भूक, शाळेतलं काम, नको ते विचार पुन्हापुन्हा येतात का, एकच पाप दहादा कबूल करूनही अस्वस्थता जात नाही का, हे त्यांनी विचारून घेतलं. कारण अपराधीपणाचा ध्यास कधीकधी आजार असतो, आणि आजाराला वचनाबरोबर डॉक्टरही लागतो. मठात असताना मार्टिन ल्यूथर तासनतास पापकबुली करत बसायचे हे सगळ्यांना माहीत आहे. गुरुजींच्या बाबतीत तसं काही दिसलं नाही. ते नीट जेवत होते, नीट शिकवत होते. दुखणं शिकवणुकीतलं होतं.

पुढचं बोलणं शेतात झालं, मृगाचा पाऊस पडून पेरणी उरकल्यावर. पाळकांनी मार्कच्या चौथ्या अध्यायातला छोटा दृष्टांत काढला. माणूस बी टाकतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो. बी कसं रुजतं आणि वाढतं ते त्याला कळत नाही. जमीन आपणहून पीक देते. आणि पीक तयार झालं की तो लगेच विळा घालतो. गुरुजी शेतकऱ्याचे पोर. त्यांनी ताबडतोब आक्षेप घेतला: "आणि निंदणी कोण करतं? कोळपणी? झोपून तूर येते का?" पाळक हसले. म्हणाले, "निंदणी तुमचीच, गुरुजी. पण निंदल्यामुळे रोप वर आलं, असं तुमचे वडील कधी म्हणाले का?" गुरुजी बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, की वडील पेरणी झाल्यावर शेताकडे पाहून देवाचं नाव घ्यायचे आणि निंदणीच्या दिवसांत कुणालाही घरी बसू द्यायचे नाहीत. दोन्हीत त्यांना कधी भांडण दिसलं नाही.

त्या दिवसानंतर पाळकांनी जे सुचवलं ते दिसायला किरकोळ आहे. पहाटेची प्रार्थना आणि वचन पुन्हा सुरू करायचं, पण लिहायचं नाही. प्रार्थनेची सुरुवात आपल्या चुकांपासून न करता ख्रिस्ताने वधस्तंभावर पुरं केलेल्या कामाबद्दल उपकार मानून करायची; कबुली त्यानंतर. उपवास करायचा तर घरच्यांना विचारून, असं त्यांनी सांगितलं तेव्हा गुरुजींच्या पत्नी आतल्या खोलीत हसल्या.

आणि प्रभुभोजन घ्यायचं. यावर मात्र दोघांत खरी खडाजंगी झाली. गुरुजींनी करिंथकरांस पहिलं पत्र, अकरावा अध्याय पुढे केला: अयोग्य प्रकारे खाणारा स्वतःवर दंड ओढवून घेतो. हे वचन आपल्या मंडळ्यांत इतक्या वेळा धाक म्हणून वापरलं गेलंय की लोकांना त्यात फक्त धाकच ऐकू येतो. पण पौल तिथं कुणाला झापतो आहे ते पाहावं. करिंथात पैसेवाले आधी येऊन खाऊनपिऊन मोकळे व्हायचे आणि ज्यांच्याकडे काही नाही ते उपाशी राहायचे. पौलाच्या मते हा देवाच्या मंडळीचा उपमर्द होता, गरिबांना लाजवणं होतं. मन खचलेल्या, स्वतःच्या पापाने हैराण झालेल्या माणसाला मेजावरून उठवणं हा त्या परिच्छेदाचा हेतू नाही. स्वतःची परीक्षा करावी आणि मग खावं, असं तिथं आहे. परीक्षा करून निघून जावं असं नाही. उलट ज्याला वाटतं की आपण अ-१ आहोत, त्याने तिथं थोडं थांबावं. पाळकांनी एवढंच विचारलं, "तुम्ही पात्र व्हाल त्या दिवशी तुम्हाला या भाकरीची गरज काय उरेल?" पुढच्या प्रभुभोजनाला गुरुजींनी घेतलं. डोळे मिटून, घाईघाईने, चोरी केल्यासारखं, असं त्यांनीच नंतर सांगितलं. मला यात काही खटकत नाही. कृपा पहिल्यांदा घेताना अवघडल्यासारखं होणं स्वाभाविक आहे.

भावाचं प्रकरण हिवाळ्यात सुटलं, आणि ते कुणी ठरवून सोडवलं नाही. गव्हाला पाणी द्यायचे दिवस. भावाची मोटर जळाली. तालुक्याला वायंडिंगला टाकली, पण चार दिवस लागणार आणि गहू तर तहानलेला. गुरुजी स्वतःच्या पाळीला रात्री शेतात गेले होते. शेतीची लाईट त्या आठवड्यात रात्रीचीच होती. आपलं भरणं झाल्यावर त्यांनी पाइप बांधापलीकडे टाकला. भाऊ झोपडीत होता, आवाजाने बाहेर आला. लाईट गेली आणि दोघं ती यायची वाट पाहत बसले. मावची बोलीत, म्हणजे घरच्या भाषेत, खूप दिवसांनी बोलणं झालं. गुरुजींनी माफी मागितली, ती बांधासाठी नव्हती. दर शुक्रवारच्या प्रार्थनासभेत भावाच्या दारूचा विषय 'प्रार्थनेसाठी' म्हणून नावानिशी मांडत होतो, आणि ते गावभर व्हायचं हे मला कळत होतं, एवढं ते बोलले. रागाच्या रकान्यात हे कधी आलं नव्हतं, जिभेच्याही नाही. वहीत ते प्रार्थनेच्या बाजूला जमा होत होतं. भाऊ काही बोलला नाही. पाइप रविवारपर्यंत राहू दे का, एवढं त्याने विचारलं.

या रात्रीविषयी गुरुजी पाळकांना जे म्हणाले ते असं: "मी ठरवलं नव्हतं. पाइप टाकून झाल्यावर मला कळलं की मी टाकला." पाळकांनी ते ऐकून घेतलं आणि त्यावर प्रवचन दिलं नाही. त्यांचा हा संयम मला कौतुकाचा वाटतो. पवित्र आत्म्याचं काम माणसाला बाजूला सारून झालं असं इथं म्हणता येणार नाही. पाइप गुरुजींच्याच हाताने, थंडीत, चिखलातून ओढला गेला. पौल म्हणतो ना, मी सगळ्यांपेक्षा अधिक श्रम केले, तरी मी नव्हे, माझ्याबरोबर असलेली देवाची कृपा.

आज स्थिती काय आहे? राग गेलेला नाही. पूर्वी गुरुजी चिडले की वहीत फुली मारायचे. आता त्याच संध्याकाळी ज्याच्यावर चिडले त्याच्याकडे जातात. शाळेतल्या एका सातवीच्या पोराकडेही गेले होते, तेव्हा पोरगं इतकं घाबरलं की पळून गेलं. मुलगा अजून कुटुंब प्रार्थनेला बसत नाही, पण ओट्यावरून उठून दाराशी येतो. भाऊ नाताळला सहकुटुंब आला, जेवला. पितो अजून, ऊसतोडीहून आल्यावर जास्त. मंडळीतल्या काहींनी गुरुजींची साक्ष येत्या संजीवन सभेत ठेवावी असा आग्रह धरला. पाळकांनी नको म्हटलं. साक्ष उभी राहिली की तिला शोभेल असं वागणं आलं, आणि गुरुजींसारख्या माणसाला ती नवी वहीच झाली असती. मंडळीच्या वडिलांच्या मंडळात यावरून नाराजी आहे.

दुसरा वाद मुलांच्या वर्गातला. पाठ केलेल्या वचनांसाठी भिंतीवर तक्ता आहे. प्रत्येक वचनाला एक सोनेरी चांदणी. तो गुरुजींनीच लावलेला. आता त्यांना तो काढायचा आहे. वर्ग घेणाऱ्या दोन भगिनींचं म्हणणं, चांदण्यांशिवाय पोरं वचन पाठ करत नाहीत, आणि लहानपणी पाठ झालेलं वचन मोठेपणी कुठून कामाला येतं ते सांगता येत नाही. त्यांचंही चुकत नाही. तक्ता तूर्तास भिंतीवर आहे. मात्र चांदण्यांची बेरीज करून नाताळात पहिला नंबर काढायची पद्धत यंदापासून बंद केली आहे, आणि त्यावरून दोन पालक गुरुजींशी भांडून गेले.